केरबा वेडा होता का, आत्या?

प्रिय आत्या,

कागद पुढ्यात ओढला आणि सवयीनं हात अर्जाचा मायना, 'गरीबपरवर सलामत', लिहायला निघाला. इतकी वर्षं भोकरदनच्या तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज खरडतोय, त्याचा हा परिणाम! ते खोडलं आणि 'प्रिय आत्या' लिहिलं. तुला पत्र लिहून उपयोग नाही, हे मला कळतं. तू होतीस तेव्हाही तुला अक्षर लागत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो. आता लिहिणारा मी आणि मोठ्यानं वाचणाराही मीच. मधेच "थांब, ते परत वाच" म्हणायला मात्र तू नाहीस.

तुझं वर्षश्राद्ध व्हायचं आहे अजून. तेव्हा काय ते बोलेन असं ठरवलं होतं. पण आज दुपारी असं काही झालं की थांबवेना.

आज बाजार होता. गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा माझ्या बैठकीपुढं येऊन बसला. पांढरी दाढी, धुऊन धुऊन विरलेलं कुडतं, आणि पाठ मात्र एकदम ताठ. असं ताठ आपल्याकडं कोण बसतं? मी विचारलं, "काय लिहायचं?"

"नक्कल काढायची हाय. फौजदारीची. लई जुनी हाय."

"कुणाचा मुकदमा?"

"माहाच."

मी लेखणी बुडवली आणि नाव विचारलं. तो म्हणाला, "केरबा. धावड्याकडचा. फौजेत व्हतो. मला येडा ठरवून जालन्याच्या पागलखान्यात ठिवल्तं. आता सोडलं." आत्या, मी मान वर केली नाही. कागदावर त्याचं नाव लिहीत बसलो, एकदा लिहिलं तेच परत लिहिलं.

मग विचारलं, इतक्या वर्षांनी नक्कल कशाला पाहिजे? सुटलास, घरी जा, घरच्या शेरड्या राख. त्यावर तो जे बोलला ते तुला जसंच्या तसं सांगतो.

"तिथं येक बाई व्हती का न्हाई, येवढंच पाह्यचं हाय. मी तिला म्हनलो, माय, बाजूला सर. हे मला बराबर याद हाय. बाकी समदं पुसून गेलं, येवढंच ऱ्हायलं. भाऊ म्हनतो, तुला भास झाल्ता. तव्हाचा वकील बी त्येच म्हनल्ता, की आसं काय बोलू नको, तुला काय याद न्हाई. पन कागदात ती बाई आसंल, तर मंग मला कळत व्हतं मी काय करून राह्यलो ते. नसंल, तर मी बिलकुल येडाच व्हतो. काय बी निघू दे, पन मला समजाया पाह्यजे."

दौत काठोकाठ भरलेली होती. मी म्हणालो, शाई संपली, उद्या सकाळी ये. तो "बरं" म्हणाला, उठला आणि मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर जाऊन बसला. इथून मला दिसतोय.

आता सांग, काय करू? ती बाई तूच की!

तू म्हणशील, दिग्या, तुला नसत्या चौकशा लागतात. लागतात खऱ्या. लहानपणापासून त्यासाठी मी तुझी बोलणी खाल्ली. विहिरीत पाणी कुठून येतं, बैल झोपेत काय चघळतो, कीर्तनकार घरी बायकोशी भांडतो का, सगळं मी तुलाच विचारायचो. आईबाप नसलेलं पोर म्हणून तू आणि मामांनी मला ठेवून घेतलं, आणि मी दिवसभर तुझं डोकं खाल्लं. मामा हसायचे. ह्याला उर्दू शाळेत घाला, म्हणाले, कचेरीतल्यांची डोकी खाऊ दे. असा मी अर्जनवीस झालो.

पण एक प्रश्न मी तुला एकदाच विचारला आणि तू उडवून लावलास. परत विचारायची छाती झाली नाही. तो प्रश्न आज तो म्हातारा घेऊन आला.

त्या दिवशी मी वाडीवर नव्हतो. इथं भोकरदनला शिकाऊ म्हणून कागद आखत होतो. निरोप आला तसा धावत निघालो, केदारखेड्याच्या पुढं एकाच्या बैलगाडीत चढलो, आणि पोचलो तेव्हा तू खळ्यावरच बसली होतीस. ज्वारीच्या राशीला पाठ लावून. मामांना घरी नेलं होतं. तू उठायला तयार नव्हतीस. तेव्हा तू मला सगळं सांगितलंस, पहिल्यापासून, एकही गोष्ट न सोडता. आवाज अगदी साधा होता, रोजचा.

डोंगराकडून दरोडेखोर उतरतात म्हणून फौजेची तुकडी आली होती. वाडीतून त्यांना धान्य पोचतं, असं कुणीतरी कान भरले होते. शिपायांनी आधी कडब्याच्या गंज्या पेटवल्या. मग आपल्या खळ्यावर बापे गोळा केले. जमादारानं मामांना विचारलं, दरोडेखोरांना दाणे दिलेस का? आणि मामा काय म्हणाले! "खळ्यावर येईल त्याला सूपभर देतो, साहेब. कोन हाय ते इचारायची रीत न्हाई." खरं बोलले. आपल्याकडं मळणीच्या दिवसांत खळ्यावरून रिकाम्या हातानं कुणाला परत लावतात का? पण जमादाराच्या कानाला तो कबुलीजबाब वाटला. तो चिडला, शिव्या देऊ लागला.

तेवढ्यात एक शिपाई पुढं आला. खळ्याच्या कडेला थांबला. बंदूक मांडीवर घेऊन खाली बसला, पायांवरच्या पट्ट्या एकेक वेढा करून सोडल्या, बूट काढले आणि नीट जोडीनं बाजूला ठेवले. जमादार मागून ओरडतोय, आणि ह्याचं आपलं सावकाश चाललंय. मग त्यानं अनवाणी पाय खळ्यावर टाकला.

ते पाहून तुझ्या जिवात जीव आला. तू मला असंच म्हणालीस. मामा आणि शेजारचे बनूभाई ओढ्याकडून पळायच्या बेतात होते, सालदार केशव तर अर्धा उठलाही होता. तू त्यांना म्हणालीस, "बसा. आपल्यातलाच हाय त्यो. खळ्यावर जोडे काढतोय, त्यो काय करनार?"

आणि ते बसले. कसे नाही बसणार? आपल्या भागात माणूस ओळखायची ही खूण. खळ्यावर जोड्यानिशी चढणारा परका, मग तो कितीही मोठा असो. जो काढतो, तो घरचा. ह्यात चूक होऊ शकते, हे कुणाच्या बापाला सुचलं असतं? मलाही सुचलं नसतं. मीही "बसा" म्हणालो असतो.

तू मामांच्या पुढं उभी होतीस. तो जवळ आला, तुझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "माय, बाजूला सर."

पुढचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे आणि मला तू सांगितलंस. मामा गेले, बनूभाई गेले, केशव गेला.

मुकदमा चालला औरंगाबादला. जालन्यापर्यंत आपली बैलगाडी, पुढं रेल्वे. तू डब्यात खिडकीशी बसून सगळ्या वाटेनं मला विचारत राहिलीस. खरं तर तूही कमी चौकस नव्हतीस, आत्या, उगाच मला नावं! तू विचारलंस, इतके जण पाहणारे असताना कोर्टात भांडायचं राहिलंय काय? मी तुला समजावलं की गोळी त्यानं घातली हे त्याचा वकीलही नाकारत नाही. वकील म्हणतो, घातली, पण तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आपण काय करतो आणि ते वाईट आहे, हेच ज्याला कळत नाही, त्याला कायदा गुन्हेगार धरत नाही.

"म्हंजे लहान लेकरावानी?"

"तसंच."

मग म्हणालीस, "आन् येडा ठरला, तर तुह्या मामाला मारलं कोनी?"

मी म्हणालो, कायद्याच्या हिशेबानं कुणीच नाही.

"मंग ते काय पाय घसरून पडले का रे?"

समोर बसलेला एक परका माणूस तुझ्याकडं बघायला लागला. मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही, आणि मधल्या काळात मी बऱ्यापैकी कायदा वाचला आहे.

कोर्टाच्या ओट्यावर त्याची आई बसली होती. फडक्यात भाकरी बांधून आणलेली, पण पोराला द्यायची परवानगी मिळत नव्हती. तुम्ही दोघी एकाच भिंतीला टेकून होतात. उन्हं चढली तेव्हा तू आपला पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवलास, बघितलं नाहीस तिच्याकडं, नुसता सरकवलास. ती प्याली. मी हे पाहून गोंधळून गेलो होतो.

आत जमादारानं शपथेवर सांगितलं की आपण गोळीचा हुकूम दिलाच नव्हता. हा शिपाई मोठ्या लढाईत समुद्रापार बसऱ्याकडं जाऊन आला तेव्हापासूनच बिघडलेला. तू माझ्या कानाशी लागलीस, "बिघडलेला व्हता तर त्याच्या हातात बंदूक कोन देल्ती?" मी तुला गप केलं, म्हटलं, आपल्याला विचारतील तेवढंच बोलायचं. पण बघ, मला तेव्हा ही गोष्ट लक्षात आली की केरबा वेडा ठरणं जमादाराच्या फार सोयीचं होतं. वेड्याला हुकूम लागत नाही. म्हणजे त्याला कुणी हुकूम दिला का, हे विचारायचंच कारण उरलं नाही.

साथीचे शिपाई आले. कुणी म्हणालं, भांडं पडलं तरी तो खाटेखाली जाऊन बसायचा. कुणी म्हणालं, कधीकधी झाडाला सलाम करायचा. आणि उलटतपासणीत त्यांनीच सांगितलं की कवायतीत त्याचं पाऊल कधी चुकलं नाही, निशाणही पक्कं होतं. हकीम आले, त्यांनी आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. जजसाहेब ऐकत होते, लिहून घेत होते.

मग तुझी साक्ष झाली. कोर्टाचा माणूस उर्दूतला प्रश्न तुला मराठीत करून सांगायचा. तू बुटांचं सांगितलंस, आणि सगळं कोर्ट सावरून बसलं. सरकारी वकील खूश झाले. म्हणाले, पाहा हुजूर, ह्याला खळं कळतं, खळ्याची रीत कळते, दाण्याला पाय लागू नये हे कळतं. इतकं कळणारा माणूस वेडा कसा? त्यावर सफाईचे, म्हणजे केरबाच्या बाजूचे, वकील उठले. म्हणाले, हुजूर, अंमलदार मागं ओरडत असताना कोणता शहाणा शिपाई पट्ट्या सोडत बसेल? तो तिथं नव्हताच. तो आपल्या बापाच्या खळ्यावर होता. दाण्याला पाय लागू नये म्हणून जपणारा आणि लगेच त्याच दाण्यावर रक्त सांडणारा माणूस शहाणा असेल, तर वेडा कुणाला म्हणायचं?

मला दोघांचंही पटलं! पहिल्याचं ऐकताना वाटलं बरोबर, दुसऱ्याचं ऐकताना वाटलं हेही बरोबर. आजवर कितीदा तरी मी ते बूट काढणं मनात घोळवलं, आणि कधी इकडं झुकतो, कधी तिकडं. तुला काय वाटत होतं? तू तर ते डोळ्यांनी पाहिलं होतंस.

सफाईच्या वकिलांनी तुला विचारलं, त्याचं तोंड वेड्यासारखं दिसत होतं का? तू म्हणालीस, "येड्याचं तोंड कसं आसतं मला ठावं न्हाई, साहेब. मानसावानीच व्हतं."

मग सरकारी वकिलांनी शेवटचं विचारलं. गोळी घालण्याआधी तो काही बोलला का?

मी मागच्या बाकावर होतो, पण तुझी पाठ ताठ झालेली मला कळली. हे उत्तर आलं की मुकदमा संपला, हे मला ठाऊक होतं. ज्याला बाई ओळखता येते, तिला माय म्हणता येतं, तिला वाचवता येतं, त्याला आपण काय करतोय हे कळत होतं. तो फासावर जाणार होता. आणि मामांना कुणीतरी मारलं होतं असं कागदावर येणार होतं. तुला तेच तर हवं होतं!

तू खाली फरशीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मला काय ऐकू आलं न्हाई, साहेब."

आत्या! गोठ्यातल्या वासरानं कूस बदलली तरी तुला घरात ऐकू यायचं. मी ओट्यावर बसून चोरून शेंगा फोडायचो तर तू विहिरीवरून हाक मारायचीस. आणि हातभर अंतरावरचं तुला ऐकू आलं नाही?

निकालात शब्द आला, फातिर-उल-अक्ल. ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही असा. सरकारचा पुढचा हुकूम होईपर्यंत पागलखान्यात ठेवावं. त्याची आई ओट्यावर रडायला लागली, ते सुखानं की दुःखानं मला कळलं नाही. जमादार बाहेर येऊन मिशीवरून हात फिरवत उभा होता.

परतीच्या वाटेवर मी तुला विचारलं, का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "दिग्या, तुहं तोंड हाय का रहाट? घे, भाकर खा." बस. त्या दिवसापासून 'बाजूला सर' हे शब्द तुझ्या तोंडून आले नाहीत.

पण मी काही आंधळा नाही. जालन्याला मोंढ्यात माल घेऊन गेलो की दर वेळी तू पागलखान्याच्या भिंतीकडून गाडी न्यायला लावायचीस. म्हणायचीस, "त्या वाटंला सावली हाय." कुठली आलीय सावली! दोन बोडकी झाडं होती तिथं. भिंत संपेस्तोवर तू पदर नीट करत बसायचीस. आत जायचं कधी म्हणाली नाहीस. मीही मुकाट्यानं बैल हाकत राहायचो, आणि मनात मात्र किडा वळवळत असायचा की ही नेमकं काय शोधते इथं?

मी कारणं लावून पाहिली. माझा धंदाच तो. लोक येतात, झालेलं सांगतात, आणि कारण मी घालतो.

आधी वाटलं, त्याच्या आईमुळं. जिच्याकडं तांब्या सरकवला, तिच्या पोराच्या गळ्यात दोर कसा घालणार? मग वाटलं, जमादाराच्या रागामुळं. हुकूम देणारा मोकळा सुटणार आणि हा एकटा लटकणार, ते तुला मान्य नसेल. दोन्ही कारणं चांगली आहेत. कुणाच्याही अर्जात शोभतील. ह्यातल्या एकावर माझं समाधान व्हायला हरकत नव्हती, आणि बरीच वर्षं झालंही होतं.

आज तो म्हातारा बोलत होता तेव्हा पहिल्यांदा मला त्या वाक्याचा पुढचा भाग दिसला. तो म्हणाला, माय, बाजूला सर. आणि तू सरलीस.

हे तू मला त्या दिवशीही सांगितलं होतंस, "मी सरले" म्हणून. मीच ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. कोर्टात ते शब्द उच्चारले असतेस, तर पुढचा प्रश्न कुणीतरी विचारलाच असता, मग बाई, तुम्ही काय केलं? तिथं, सगळ्यांसमोर, बनूभाईंच्या बायकोसमोर. ओढ्याकडं निघालेल्यांना "बसा" म्हणालीस आणि नंतर स्वतः बाजूला झालीस, हे तुला शपथेवर सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तो वेडा ठरलेला तुला परवडला का? एवढं पोटात ठेवून तू इतकी वर्षं माझ्यासमोर भाकरी थापत होतीस? निदान मला तरी सांगायचंस गं! मी काय तुझा निवाडा करायला बसलो होतो?

कदाचित हेही खरं नसेल. मी परत एक कारण रचलं असेल. तू असतीस तर लाटणं घेऊन मागं लागली असतीस.

हल्लीचे दिवस तू पाहिलेच आहेस. हत्यारं घेऊन टोळकी फिरतात, गावं ओस पडतात, ज्याला त्याला वाटतं आपल्यामागं सरकार आहे. हे कधीतरी संपेल, आणि संपलं की ह्यांचेही मुकदमे उभे राहतील. तेव्हा कोण म्हणेल हुकूम होता, कोण म्हणेल डोकं फिरलं होतं. त्यातले काही खरंच फिरलेले असतील. कसं ओळखायचं? लढाईनं माणसाचं मन मोडतं हे मला मान्य आहे, मी खाटेखाली जाणारी माणसं नंतरही पाहिली. पण मोडलेलं मन बाईला बाजूला सरायला सांगतं आणि तिच्या मागच्या माणसाला सोडत नाही, हे कसलं मोडणं? जजसाहेबांना दोनच खोल्या ठाऊक होत्या, एक फासाची आणि एक पागलखान्याची. केरबा दोन्हींच्या उंबऱ्यात उभा होता असं मला आता वाटतं.

आज तो कसा दिसला म्हणशील, तर माझ्या निम्म्याअधिक अर्जदारांपेक्षा शहाणा. बोलताना थांबून शब्द शोधत होता. एकदाही स्वतःची कीव केली नाही.

आता माझी अडचण ऐक. उद्या मी रीतसर अर्ज लिहिला, तर त्याला नक्कल मिळेल. नकलेत तुझी साक्ष आहे. तिच्यात लिहिलंय, बाईला काही ऐकू आलं नाही. तो वाचून घेईल, मान हलवेल, आपण वेडेच होतो असं धरून धावड्याला जाईल आणि एक दिवस शांतपणे मरेल. मला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. तुझी गोष्ट तुझ्याबरोबर गेली ती गेली. किती सोपं आहे ना?

आणि खरं सांगितलं, तर त्याच्या डोक्यावर तीन माणसं येऊन बसतील. ह्या वयात. तुझी साक्ष मी खोटी पाडीन, तू बाजूला सरलीस हे मी परक्याला सांगेन, तेही त्यालाच. ते तुला खपेल का? मी मघापासून त्या ओसरीकडं बघतोय आणि तुला विचारतोय.

पण आत्या, एक गोष्ट मनातून जात नाही. कोर्टानं त्याच्या डोक्याची चौकशी केली. जमादारानं स्वतःची कातडी पाहिली. त्या दिवशी खळ्यावर काय झालं, हे माझ्याकडं येऊन आजवर कुणीच विचारलं नव्हतं. विचारायला आला तो हाच. त्याला मी खोट्या कागदावर परत कसा लावू?

म्हणून मी ठरवलंय, आणि तुला वचन देतो. उद्या तो आला की मी अर्ज लिहिणार नाही. त्याला माझ्या शेजारी बसवीन आणि सांगेन की ती बाई होती. ती माझी आत्या. तू तिला सर म्हणालास ते तिनं ऐकलं. तिच्या मागं मारोतीमामा होते, बाजूला बनूभाई आणि केशव. कोण काय काम करायचं, कुणाला किती लेकरं होती, सगळं सांगेन. तू वेडा होतास का, हे मला ठरवता येत नाही, हेही सांगेन. मग तो रडेल, की उठून जाईल, की माझ्यावर धावून येईल, मला माहीत नाही. मी तिथून हलणार नाही.

आणि त्यानं विचारलं, मग तिनं कोर्टात का नाही सांगितलं, तर मी म्हणेन, ठाऊक नाही. इतर सगळ्यांसाठी कारणं लिहिली, तुझ्यासाठी रचणार नाही.

फक्त एक तुला सांगायचं राहिलं होतं. कुणी कधी तुला म्हटलं नाही, आणि मला आजवर कळलंच नाही की म्हणायला पाहिजे होतं. बरं केलंस सरलीस. घाबरलीस म्हणून सरलीस, की त्यानं माय म्हटलं म्हणून, ते राहू दे. त्याच आठवड्यात तू उठून चूल पेटवलीस आणि मला "जेवून घे" म्हणालीस. तू तिथंच उभी राहिली असतीस, तर मला जेव म्हणणारं ह्या जगात कुणीच उरलं नसतं.

तुझाच,
दिगू